दाजींची उचकी

“तांब्या खाले ठेव. नाना, तांब्या खाले ठेव म्हनस ना मी.”

वहिनी ओरडत होत्या. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय, पदर कमरेला खोचलेला. स्वयंपाकाच्या पडद्यामागून त्या अशा काही बाहेर आल्या की पंगतीतल्या आम्ही सगळ्यांनी आपापली पानं दोन्ही हातांनी धरून ठेवली. समोर त्यांचा थोरला भाऊ नाना, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन उभा. आणि दोघांच्या मध्ये, रांगोळी काढलेल्या पाटावर, कपाळाला गंध, डोक्यावर नवी टोपी, मांडीवर नवं धोतर, असे आमचे दाजी. एक हात पोटावर ठेवलेला, दुसरा वर केलेला, तोंड घट्ट मिटलेलं.

तेवढ्यात त्यांना आणखी एक उचकी लागली.

उचकीला पाणी द्यायचं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मग बाई सख्ख्या भावावर झारा का उगारते, हे समजायचं तर आधी दाजी समजायला हवेत. थोडं मागं जावं लागेल. तांब्या तसाच नानाच्या हातात राहू द्या, त्याला सवय आहे.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. पण सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये हा माणूस एकट्या नानाचा दाजी नव्हता, तो अख्ख्या फोल्डिंग खात्याचा दाजी होता. त्याचं असं झालं की नाना खानदेशातून सुरतेला आला, त्यानं मेहुण्याला आणलं, मेहुणा फोल्डिंग मास्तर झाला, आणि मग मास्तरांनी बायकोच्या गावची पोरं एकेक करून खात्यात भरली. शेवटी अशी वेळ आली की सासरवाडीच्या गावात म्हातारे, बाया आणि कुत्री एवढीच उरली. बाकी गाव सुरतेत कापडाचे ताके मोजत होतं. खात्यात नवा माणूस आला की दाजी हात फिरवून ओळख करून द्यायचे, “ये सब मेरे साले हैं.” कापड रंगवायच्या जेट मशिनवर नवीन लागलेल्या एका भय्याला वाटलं, मास्तर सगळ्यांना शिव्या देतात. तो आठवडाभर दाजींच्या वाटेला गेला नाही.

मी त्याच मिलमध्ये टाइमकीपर. माझं गाव अकोल्याकडं, म्हणजे दाजींशी माझं नातं काहीच नाही. पण सगळं खातं दाजी म्हणतं, शेठ दाजी म्हणतो, चहावाला दाजी म्हणतो, तिथं मी एकट्यानं साहेब म्हणून काय दिवे लावणार होतो? मीही दाजी म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. नात्याचा हिशेब लागत नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

आता दाजींचा आकार. मी थोडं वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. दाजींच्या बाबतीत वाढवायला जागाच नव्हती. ते रिक्षात बसले की रिक्षाचं पुढचं चाक नमस्काराला वर यायचं. दवाखान्यातला काटा त्यांना बघूनच शेवटच्या आकड्यावर जाऊन बसायचा, म्हणून आम्ही त्यांना मिलमधल्या कापडाच्या गाठींच्या काट्यावर तोललं. मी दोनशे किलो सांगतो, दाजी दीडशे सांगायचे. काटा अधलंमधलं काहीतरी म्हणाला, पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

आणि जेवण. अहो, लोचो, म्हणजे ढोकळ्याचा तो मऊ सुरती भाऊ, खायला दाजी निघाले की तो गाडीवाला लांबूनच दुसरी परात लावायचा. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदी पडव्याला, सगळी सुरत खव्याची घारी खाते, तेव्हा दाजींसाठी घारीवाला वेगळ्या चुलीवर बसायचा, असं मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच सांगितलंय, पण खूप ठिकाणी सांगितलंय. लग्नाच्या पंगतीत सासरवाडीची माणसं त्यांना मुद्दाम मध्यावर बसवायची. दुसऱ्या गावाकडं पैलवान असेल, आमच्याकडं जावई आहे, अशी ती ऐट होती. वाढपी समोर येऊन विचारायचा, “दाजी, वाढू?” दाजी लगेच हो म्हणायचे नाहीत. आधी ताटाकडं बघायचे. मग तळहात पोटावर ठेवून, दारावर थाप मारून आत कुणी आहे का ऐकावं तसं ऐकायचे. सगळी पंगत थांबायची. आणि मग दाजी सावकाश म्हणायचे, “जागा आहे.”

की हशा. की पुन्हा बादली.

जागा होती हे खरं, पण श्वासाला उरली नव्हती. दाजी तपासणीच्या टेबलाशी उभ्याउभ्या झोपायला लागले. हातात कापड, समोरून मीटरमागून मीटर सरकतंय, आणि दाजी घोरताहेत. पोरं हसायची. मग एकदा ते तसेच झोपेत टेबलावर कोसळले, तेव्हा हसायचं थांबलं. सुरतेच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं की हे असं चाललं तर फार चालणार नाही. मुंबईत एक तरुण डॉक्टर परदेशातून शिकून आलाय, तो पोटाला वरच्या अंगाला टाचून छोटीशी पिशवी करतो. खाल्लेलं त्या पिशवीत मावेल तेवढंच. नवीन काम आहे, धोका आहे, पण न करण्यातही आहे.

त्या दिवशी दाजी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टाइम ऑफिसात येऊन बसले. बाकाचा त्यांनी नेहमीप्रमाणे आवाज काढला.

“तुम्हाला एक सांगू?” ते म्हणाले. “मी आयुष्यात कधी पंगतीला वाढलेलं नाही.”

“तुम्हाला वाढू कोण देईल? तुम्ही बसणाऱ्यांतले.”

“बसणाऱ्यांतला नाही हो. मला वाकता येत नाही. वाढायचं तर पानापानाशी वाकावं लागतं.” ते फाटकाकडं वळले. “पोरीचं लग्न काढायचंय वर्षा-दोन वर्षांत. बाप पंगतीत तूप वाढत फिरतो. मला ते फिरायचंय. तेवढं जमलं की बास.”

मी आजवर पुष्कळ लोकांच्या पुष्कळ इच्छा ऐकल्यात. पण तूप वाढता यावं म्हणून पोट टाचून घेणारा दुसरा माणूस पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कळवा.

होळीच्या आधी दाजी मुंबईला जाऊन आले. आले ते आधी तसेच दिसत होते, फक्त चेहरा कुणीतरी रागावल्यासारखा. पहिले काही आठवडे पाणीच. डाळीचं पाणी, भाताचं पाणी, ताकाचं पाणी, तेही चमच्यानं. मग डॉक्टरनं एका वाटीची परवानगी दिली. वाटी केवढी, तर लहान. वहिनींनी घरातल्या सगळ्या वाट्या जमिनीवर मांडल्या आणि एकही पुरेशी लहान निघेना. त्या घरात लहान वाटी असणार कशाला? शेवटी कपाटातून चांदीची वाटी निघाली. पोरीच्या उष्टावणाच्या वेळी तिच्या मामानं, म्हणजे नानानंच, दिलेली. पोर पहिला घास जिच्यातून जेवली, तिच्यातून आता बाप जेवू लागला.

डॉक्टरचे नियम असे. घास इतका चावायचा की तो कशाचा होता हे विसरलं पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही लगेच नाही. आणि पोट थांब म्हणालं की थांबायचं, हातातला घासही खाली. दाजींनी चावण्याचं माप खात्यातच शोधलं. फोल्डिंग मशिन एका ताक्याच्या घड्या घालून होईपर्यंत एक घास. खडाक-खडाक घड्या पडताहेत, मशिनशेजारी स्टुलावर दाजी जबडा हलवताहेत, ताका संपला की गिळताहेत. एखादा ताका लांब निघाला की आम्हाला त्यांची दया यायची.

आणि पोट थांब म्हणतं हे कळायचं कसं? तर उचकीनं. वाटी संपत आली की दाजींना एक उचकी लागायची. एकच, पण मिलच्या भोंग्यासारखी चोख. उचकी आली की पिशवी भरली. त्यानंतर अर्धा चमचा जरी गेला तरी छातीत कळ, घाम, आणि सगळं बाहेर. टाके उसवले तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि दुसऱ्यांदा हे शरीर ते सोसेल याची खात्री नाही, असं डॉक्टरनं वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून वहिनी त्या उचकीवर कान लावून असायच्या. उचकी आली की त्या वाटी उचलायच्या. वाटीत काय आहे, किती आहे, दाजी काय बघताहेत, काही नाही. उचलायची.

“पोट नाही म्हणतं,” दाजी मला सांगायचे, “पण डोळे हो म्हणतात. मधल्यामध्ये मान कुणाच्या बाजूनं हलवायची तेच कळत नाही.”

डोळ्यांची भूक भागवायला त्यांनी मला नेमलं. सुट्टीत मी त्यांच्यासमोर बसून लोचो खायचा आणि हालहवाल सांगायचा.

“तेल वरून सोडलंय का?”

“सोडलंय.”

“कच्चं?”

“कच्चं.”

“शेव बारीक का मधली?”

“बारीक.”

“हं. आता चटणी लावून घ्या. घाई करू नका, तुम्ही फार घाईनं खाता.”

असे आम्ही दोघं जेवायचो. खायचो मी, जेवायचे ते. त्या काळात दाजी जेवढे उतरले तेवढा मी चढलो. मिलमधलं एकूण वजन कायम राहिलं. शेठ एकदा टाइम ऑफिसशी थांबले, दाजींना वरून खाली बघून म्हणाले, “आ शुं दाजी, तमे तो अडधा थई गया.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “अने बाकीना अडधा अहीं बेठा छे.”

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. एका सासऱ्याच्या जावयाला एक जेवण. पण अख्ख्या गावाचा जावई एकाच वस्तीत, एकाच गल्लीत राहतो म्हटल्यावर काय? प्रत्येक खोलीतून बोलावणं. वहिनी घरोघर फिरून सांगून आल्या की त्यांना एका वाटीवर काही चालत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक वाटीच, बाई, जास्त नाही. गंमत अशी की प्रत्येकाला वाटलं, आपली तर एकच वाटी आहे. पहिलं आमंत्रण अर्थात नानाचं.

नाना जेट मशिनवर काम करणारा, दिवसभर उकळत्या रंगाच्या वाफेत उभा राहणारा, हाताची नखं कायम जांभळी. मनानं सरळ. बहिणीचा नवरा आजारातून उठला, त्याला धोंडे घालायचे, यापलीकडं त्याच्या डोक्यात काही नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत त्यानं वीस माणसं बसवली. वहिनी आत धोंडे तळायला. दाजींसमोर चांदीची वाटी, तिच्यात मऊ करून घातलेलं पुरण, थोडं दूध. दाजी चावत होते. फोल्डिंग मशिन नसल्यामुळं छताच्या पंख्याकडं बघून माप घेत होते.

वाटी संपत आली आणि उचकी आली.

घरी असते तर तिथंच संपलं असतं. पण इथं दाजींच्या शेजारी वहिनींची मावशी बसलेली, गावाहून खास आलेली, तोंडात तीन दात. तिनं हातावर हात मारला. “पाह्य, कोनी तरी आठवन काढी ऱ्हायनं जावाईनी.”

झालं. उचकी म्हणजे आठवण, आणि आठवण कुणाची ते ओळखलं की उचकी थांबते. हे तुमच्या घरीही चालत असेल. पंगत नावं घ्यायला लागली. दाजींची आई? नाही थांबली. गावचे पाटील? नाही. थांबेना म्हणून एक घास. मधली मावशी? घास. शाळेतले गुरुजी? घास. नानाची बायको मोठ्या मायेनं धोंड्याचा तुकडा मोडून दाजींच्या तोंडाशी धरायची, “इतलंसं ल्या, दाजी.” आणि दाजी, जे आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते, जे म्हणायचे जागा आहे, ते त्या पाटावर, त्या टोपीत, सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर नाही म्हणू शकले नाहीत. जावयानं पाटावरून घास परत केला तर त्या घराचं तोंड काळं. मी समोर बसून बघत होतो. मला त्या उचकीचा अर्थ माहीत होता, पण तोंड माझंही भरलेलं होतं. मी हात हलवत होतो आणि सगळ्यांना वाटलं मला आणखी तूप हवंय.

दाजींच्या कपाळावरचं गंध घामानं खाली उतरायला लागलं. नाना म्हणाला, पाणी द्या रे, आणि तांब्या घेऊन स्वतःच उठला. तिकडं पडद्याआड तेलाच्या आवाजातून वहिनींना ती उचकी ऐकू आली. एक नव्हे, चौथी का पाचवी. आणि त्या बाहेर आल्या.

बघा, आलो आपण तांब्यापाशी.

नानानं तांब्या खाली ठेवला नाही. तो म्हणाला, “जावाईले पानी बी नही पाजानं का?” वहिनींनी तांब्या त्याच्या हातातून ओढून घेतला. अर्धं पाणी नव्या धोतरावर सांडलं. दाजी उठले, भिंतीला धरत मागच्या मोरीशी गेले, आणि मग बराच वेळ आम्ही सगळे एकमेकांच्या पानांकडं बघत बसलो. आतून येणारा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मावशी उगाच बांगड्या वाजवत होती.

एसटीडीच्या दुकानातून मुंबईला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, झोपू देऊ नका, बसवून ठेवा, घोट-घोट पाणी, आणि दुखणं वाढलं तर पहिली गाडी पकडा. वाढलं नाही. टाके शाबूत होते. दाजी दोन दिवस खुर्चीत बसून राहिले आणि वहिनी त्यांच्यासमोर जमिनीवर. नाना दारात आला तेव्हा वहिनी बोलल्या. “मारी टाकतास तुम्ही त्यास्ले,” एवढंच म्हणाल्या.

“मी काय जहर दिधं का?” नाना म्हणाला आणि गेला.

त्यानंतर काय झालं असेल असं वाटतं तुम्हाला? पुन्हा आग्रह? नाही हो. उलट. सगळ्या गल्लीनं धसका घेतला. एकामागून एक आमंत्रणं गळाली. नको बाबा, आपल्या घरी काही झालं तर. खात्यात दाजी आले की पोरं डबे पाठीमागं सरकवायची. कुणाच्या घरी बारसं झालं, दाजींना पेढासुद्धा कुणी दाखवला नाही. नाना तर दाजी समोरून आले की जेट मशिनच्या मागं जायचा, आणि त्या वाफेत शोधणार कोण.

दाजी वाळायला लागले. म्हणजे वजन तर उतरायचंच होतं, पण हे वेगळं होतं. मशिनशेजारी चावत बसलेला माणूस मध्येच चावायचा थांबायचा. एक दिवस मी लोचो घेऊन बसलो आणि नेहमीप्रमाणे सांगायला लागलो, तेल कच्चं आहे, शेव बारीक आहे, तर म्हणाले, “राहू द्या.”

“का?”

“मला आता कुणी वाढू का म्हणून विचारत नाही.”

“तुम्हाला चालत नाही म्हणून विचारत नाहीत.”

“चालत नाही ते माझं मी बघीन. विचारायला काय झालं?” मग म्हणाले, “पोरीच्या लग्नात यांच्यातच वाढायचंय मला. हे असे तोंड फिरवून बसले तर तूप कुणाच्या पानात घालू?”

मी त्या दिवशी लोचो तसाच सोडला. अर्धा. बरं, पाव.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वस्तीत सकाळी सगळे दारात बसलेले. दाजी घरातून निघाले, धुतलेला सदरा, पायात चप्पल, आणि सदऱ्याच्या खिशात काहीतरी फुगलेलं. कुठं चाललात म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, या मागून. गल्लीतली सगळी दारं ओलांडून ते नानाच्या दाराशी थांबले. नाना बाजेवर बसून पायाची नखं काढत होता. दाजींना बघून उठला, पण आत जायला दाजींनी जागा ठेवली नव्हती, दार भरून उभे होते. तेवढे ते अजून होते.

“काय रांधेल शे?” दाजींनी विचारलं.

नाना बाजेला टेकून उभा राहिला.

दाजींनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून चांदीची वाटी काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि त्याच्यापुढं धरली. दुसरा तळहात पोटावर ठेवला. ऐकलं. सगळी गल्ली बघत होती.

“जागा आहे,” दाजी म्हणाले.

नानाची बायको आतून म्हणाली, मुगाची खिचडी आहे, पण तिखट आहे. दाजी म्हणाले, वरची फोडणी बाजूला कर. ते उंबऱ्यावरच बसले. नाना समोर बसला, गुडघे जवळ घेऊन, दाजींच्या तोंडाकडं असा बघत की जणू जेटमधला रंग उतरतोय की काय. एक घास. दुसरा घास. शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केला. मी सांगतो, मिलचे सगळे भोंगे बंद पडले असते तरी पांडेसऱ्यात एवढी शांतता झाली नसती.

उचकी आली.

मावशी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात नानानं तिच्याकडं बघितलं. जांभळ्या नखांच्या दोन्ही हातांनी त्यानं वाटी उचलली. वाटीत अजून दोन घास होते. ते त्यानं स्वतः खाल्ले, वाटी धुतली आणि दाजींच्या रुमालात बांधून परत दिली. पाणी कुणी दिलं नाही. वहिनी आपल्या दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं नानाच्या पोरांसाठी काहीतरी झाकून घेऊन आल्या.

मग उरलेला अधिक महिना दाजी खिशात वाटी घालून फिरले. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. आपल्या घरची चूल वहिनींनी जवळजवळ बंद केली. बाया आपसांत बोलायला लागल्या, दाजींना कुणाचं वरण लागलं, कुणाच्या आंबिलात मीठ कमी होतं. सगळ्यांचे कान उचकीकडं. ती आली की ज्याच्या हाती लागेल त्यानं वाटी उचलायची. पोराबाळांनासुद्धा कळत होतं. एकदा एका चार वर्षांच्या पोरीनं पुढं होऊन वाटी उचलली आणि दाजींना बजावलं, “बास.”

पोरीचं लग्न त्याच वर्षीच्या थंडीत झालं. पोंक, म्हणजे आपला हुरडा, निघाला होता, सगळ्या सुरतेत भाजक्या ज्वारीचा वास. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. दाजी आले ते, रोज बघत असूनही, मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. मिलच्या कापडातलं दीडएक मीटर पाणी लागून आखडावं तसा माणूस आखडला होता, सदरा खांद्यावरून खाली उतरलेला. हातात तुपाचं भांडं. पहिल्या पानाशी थांबले. वाकले. कंबर धरली नाही, श्वास लागला नाही. बट्टी फोडून तिच्यावर धार सोडली आणि पुढच्या पानाशी गेले. नाना मागं वरणाची बादली घेऊन, त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगत नाही, वरणाची वाफ असणार.

माझ्या पानाशी आले. “वाढू?”

मी तळहात पोटावर ठेवला. ऐकलं. “जागा आहे.”

दाजींनी एवढं तूप घातलं की बट्टी पोहायला लागली.

त्यानंतर दाजी पुष्कळ वर्षं जगले. पोट नीट, छाती नीट. वाटीची पुढं थोडी मोठी वाटी झाली, एवढंच. गेले ते साध्या तापानं, तीन-चार दिवसांत, कुणाला फार त्रास न देता. मी तेव्हा गावी होतो. परत आलो तोवर सगळं आटोपलं होतं.

मागं एकदा वहिनींकडं गेलो. घर तेच, पडदा नवा. त्यांनी वरण-बट्टी केली होती, मी येणार म्हणून. चांदीची वाटी कुठं आहे असं मी विचारलं, तर म्हणाल्या, नात घेऊन गेली, पण तिला ती पुरत नाही. मी जेवत होतो. त्या शेजारी बसून वाढत होत्या. दाजींचं बोलणं निघालं, तूप, लोचो, शेठ, भय्या, सगळं. मी हसत होतो, वाढवून सांगत होतो, त्याही हसत होत्या.

आणि मला उचकी लागली.

मी तांब्याकडं हात नेला. वहिनींनी तो बाजूला सरकवला आणि माझं ताट उचललं. त्यात अजून अर्धी बट्टी होती.

“वहिनी,” मी म्हणालो, “ही त्यातली नाही. दाजी तिकडून आठवण काढताहेत.”

वहिनी ताट घेऊन उठल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं पोट भरलंय.”